कळलावीची काच

तोरणमाळ, ता. ९ जुलै १९३८

तुमचं पत्र पोचलं. अडीच वर्षांनी पोचलं, पण त्यात टपालखात्याचा काही दोष नाही.

मायना घालत नाही. घालावा असा शब्द माझ्याजवळ उरलेला नाही, आणि जे उरलेत ते मायन्यात शोभायचे नाहीत.

पहिलं पानभर तुम्ही माझी तब्येत, इथला पाऊस, शाळा आणि म्हैस यांची विचारपूस केली आहे. म्हैस मेली, तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. बाकी सगळं बरं आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे फोटो काढून चार दिवसांत येतो म्हणून तुम्ही घाट उतरलात आणि तिथून परस्पर पुण्याची वाट धरलीत. इथे शाळा मास्तरावाचून उघडी पडली. मी फायनल पास झालेली. खात्याने आधी दोन महिन्यांसाठी नेमलं, मग कायम केलं. तुमच्या खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता. तुम्ही तीन वर्षं त्याच्याखाली कागदाची घडी घालत होतात. मी सुतार बोलावून तो बसवून घेतला.

दुसऱ्या पानावर तुम्ही मुद्द्यावर आलात. म्हणता, ‘कळलावीच्या फोटोला इथल्या छायाचित्रकारांच्या मंडळाने पदक दिलं, ही आनंदाची बातमी तुला कळवतो.’ ती मला फाल्गुनातच कळली होती. शहाद्याच्या हेडमास्तरांकडे मंडळाचं मासिक येतं. पगाराच्या दिवशी गेले तेव्हा त्यांनी पान उघडून माझ्यासमोर धरलं. सबंध पानभर माझं कळलावीचं फूल, आणि खाली बारीक अक्षरात: ‘छायाचित्रकार: श्री. हिलाल लोटन पाटील.’ लग्नातल्या उखाण्यानंतर तुमचं नाव मी तोंडाने घेतलं नव्हतं. त्या दिवशी मोठ्याने वाचलं. हेडमास्तर म्हणाले, “अभिनंदन, बाई!” मी हो म्हटलं. त्यांच्या घरी चहा घेतला आणि घाट चढून परत आले.

आता म्हणता, ‘तो फोटो आपण नेमका कसा काढला होता, ते सविस्तर लिही. मला नीटसं आठवत नाही.’

कसं आठवेल? आठवायला आधी तिथे असावं लागतं. त्या दिवशी तुम्ही हिवतापाने दोन गोधड्यांखाली कण्हत होतात. मी सीताखाईच्या कड्यावरून परत आले, तेव्हा तुमचा पहिला प्रश्न होता, पेज झाली का?

फोटोच्या आणखी काचा पाठव म्हणून लिहिलं आहे. तुम्ही अडतीस काचा नेल्यात. अकरा ‘बिघडलेल्या’ म्हणून फळीवर टाकून गेलात. त्या अकरा बिघडलेल्या नाहीत. त्यांच्यात सावली जास्त आहे, आणि सावली दिसली की तुम्हाला बिघाड वाटतो. त्या इथेच राहतील.

धनुबाई

*

तोरणमाळ, ता. २७ जुलै १९३८

तुमचं दुसरं पत्र पंधरवड्यात आलं. पायांत बळ आलेलं दिसतं.

‘नवरा-बायको म्हणजे एकच, नाव तुझं काय नि माझं काय.’ वाक्य चांगलं आहे. मग पदकावर माझं घालायचं होतं. एकच ना?

पुढे खरी गोष्ट लिहिलीत, तेवढं बरं केलंत. मंडळाने ठरवलं आहे की दसऱ्याच्या सुमारास तुम्ही सभासदांसमोर जिवंत फूल ठेवून, छाया-प्रकाशाचा उपयोग कसा करायचा, ते करून दाखवावं. आणि तुम्हाला ते येत नाही.

बरं, कृती लिहून देते. कुणाला वाचून पोहता येत असेल तर त्याने खुशाल उडी घ्यावी.

आधी तुम्ही काय करत होतात, ते ऐका. झाडपाल्याचा अभ्यास करणारे ते साहेब विलायतेला परत जाताना कॅमेरा तुम्हाला देऊन गेले, तेव्हापासून तुम्ही सूर्य पाठीशी घेऊन उभे राहत आलात. साहेबांच्या बंगल्याचा फोटो तसा, फॉरेस्टच्या शिपायांचा तसा आणि फुलाचाही तसाच. भर दुपारी, समोरून ऊन. पांढरं फूल चुन्याच्या ढेकळासारखं यायचं, लाल फूल डांबराच्या डागासारखं. तुम्ही म्हणायचात, “काचच हलकी आहे.” काच काही हलकी नव्हती.

कळलावी तुम्हाला माहीत आहे. पाकळ्या वर उलटलेल्या, कडा लाटेसारख्या मुरडलेल्या, बुडाशी पिवळी, शेंड्याला लाल. आपल्या काचेला लाल रंग दिसत नाही. तो काळा उमटतो. समोरून ऊन घेतलंत तर पिवळं उडून जातं, लाल काळं होतं आणि फुलाचा कोळसा होतो. म्हणून ऊन मागून घ्यायचं. सकाळी, सूर्य दोन-तीन हात वर आल्यावर, फुलाच्या मागून आणि जरा बाजूने. मग ऊन पाकळीतून गाळून येतं आणि मुरडलेली कड न् कड उजळते. फुलाला स्वतःचा दिवा लागतो.

आता छत्री. तुम्ही ती फुलावर धराल. माणसाच्या डोक्यावर धरतात तशी. छत्री फुलावर धरायची नसते. फुलामागे जो दगड असेल, झुडूप असेल, त्याच्यावर सावली पाडायची. मागचं सगळं काळोखात जातं आणि उन्हातलं फूल एकटं पुढे येतं. सावली फुलाच्या मागे उभी करायची, बस. आणि पुढून फूल अगदीच काळं पडू नये म्हणून समोर जमिनीवर एक पांढरं धोतर अंथरायचं. त्यावरून उडालेला उजेड खालून पाकळीला लागतो. धोतर तुमचंच होतं. तुमचा त्या फोटोशी तेवढाच संबंध.

सूर्य समोर असतो, म्हणून भिंगावर शाळेची पाटी आडवी धरायची, नाहीतर सगळ्या काचेवर धुकं येतं. कॅमेऱ्याचा भाता पूर्ण ताणायचा, कारण फूल जवळून घ्यायचं आहे. जितका भाता लांब तितका उजेड कमी, म्हणून भिंगावरची टोपी काढून जास्त वेळ मोजायचं. मी सात मोजले होते. वारा पडेपर्यंत थांबायचं. मी पाऊण तास थांबले. छत्री धरायला एक बाई होती.

एवढंच. करून पाहा.

धनुबाई

*

तोरणमाळ, ता. २० ऑगस्ट १९३८

तुम्ही पाठवलेला फोटो मिळाला. पाहिला. नथ्थू टपालवालासुद्धा पाहायला थांबला. तो म्हणाला, “बाई, हाई काय शे? झाडू शे का?” मी म्हटलं, जास्वंद असावी.

तुमच्या त्या स्टुडिओत विजेचे तीन दिवे आहेत म्हणून लिहिलंत. तिन्ही लावलेले दिसतात. चौकीत चोराला उभं करतात तसं ते फूल भिंतीला टेकून उभं आहे, आणि त्याच्या मागे तीन सावल्या आहेत. एका फुलाला तीन सावल्या! एक सावली सांभाळता आली नाही, त्या माणसाने तीन मागवल्या.

छत्री फुलावर धरलीत. मी सांगितलं होतं.

धुतानाही घाई केलीत. काच पुरी काळी व्हायच्या आत बाहेर काढली, म्हणून सावलीच्या भागात नुसता चिखल आहे. सावलीतही काहीतरी असतं. देठ असतो, मुंगी असते, पानाची शीर असते. डोळा लावून बसलं तर ते येतं. तुम्हाला कधी कशाजवळ बसवलं नाही. माझ्याजवळही नाही. पण तो विषय वेगळा.

पत्राच्या शेवटी तुम्ही जे लिहिलं आहे ते दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. ‘तू सप्टेंबरात काचा घेऊन पुण्यास ये आणि माझ्या मदतीस उभी राहा. न आल्यास नवऱ्याच्या संमतीवाचून बायको परगावी नोकरी करते, हे मला खात्याला कळवावं लागेल.’

परगावी! गाव तेच आहे. तुम्हीच उठून गेलात.

खुशाल कळवा. शुद्धलेखन तेवढं तपासून घ्या. ‘संमती’ तुम्ही चुकीचं लिहिलं आहे; वर मी सुधारून उतरवलं.

इथे तेरडा फुलला आहे. मी काही काचा घेते आहे. पूर्वीसारख्या येत नाहीत. ती छत्री धरणारी बाई हल्ली येत नाही. या डोंगरातल्या माणसांचं असंच. लहर लागली की येतील, लहर फिरली की बसतील.

धनुबाई

*

तोरणमाळ, ता. ११ सप्टेंबर १९३८

तुमची कागाळी पोचली आणि डेप्युटी इन्स्पेक्टरही पोचले. परवा तिसऱ्या प्रहरी घोड्यावरून आले. वाटेत पाऊस लागला असावा. पगडी एका बाजूने बसली होती.

त्यांनी आधी दोन्ही वर्गांचं वाचन घेतलं, हिशेब घातले, हजेरीपट पाहिला. शाळेबद्दल बोलायला त्यांना काही सापडलं नाही. मग तुमचा अर्ज काढून टेबलावर ठेवला.

“बाई, तुमच्या यजमानांची संमती नाही असं दिसतं. मला वर लिहावं लागेल.”

“लिहा,” मी म्हटलं. “पण सोबत ही तीन पत्रंही जोडा.”

तुमची तिन्ही पत्रं त्यांच्यासमोर ठेवली. संध्याकाळपर्यंत त्यांनी ती वाचली. चष्मा पुसून तिसरं पुन्हा वाचलं. मग म्हणाले, “म्हणजे ते पदकाचं चित्र तुम्ही काढलं?”

“हो.”

“रागावू नका, पण हे तुम्ही म्हणता. ते म्हणतात, दोघांनी काढलं. मी कुणाचं खरं धरू? उद्या सकाळपर्यंत बंगल्यावर आहे. मला एक फोटो काढून दाखवा. कुठल्याही फुलाचा.”

मी मान डोलावली आणि घरी आले.

आता जे लिहिते ते मागच्या पत्रांत लिहायचं टाळलं होतं. तुम्हाला सांगायची गरज नाही. पण इतकी वर्षं तुम्हाला खोटा म्हणते आहे, तर एकदा माझंही लिहून टाकते.

‘छत्री धरायला एक बाई होती’ असं मी लिहिलं. तिचं नाव फुलीबाई. खालच्या पाड्यावर राहते, डिंक-चारोळी गोळा करते, मक्याचं थोडं शेत आहे. कळलावी कुठे उगवते ते तिने दाखवलं. आणि फक्त तेवढंच नाही. त्या सकाळी मी टोपी काढायला हात घातला होता. ऊन चांगलं लख्ख होतं. ती म्हणाली, “आते नको. ऊन आते आंधयं शे. थांब.” आंधळं ऊन कसलं, म्हणून मी वैतागले. तिने ऐकलं नाही. पाटीने भिंग झाकलं आणि तशीच उभी राहिली. मग सूर्यावर पातळसा ढग आला, ऊन मऊ झालं, आणि ती छत्री घेऊन दगडापलीकडे गेली. मी तिला फुलावर धर म्हटलं होतं. होय, मीच. ती मागे गेली, दगडावर सावली पाडली आणि म्हणाली, “आते देख.” काळ्या कापडात डोकं घालून मी पाहिलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की सावली कुठे ठेवायची असते. तुम्हाला मोठ्या तोऱ्यात लिहून दिलेली कृती निम्मी तिची आहे.

फाल्गुनात मासिक पाहून आले, तेव्हा तिच्यासमोर बसून खूप बोलले. माझी काच, माझं फूल, माझं नाव खाल्लं. तिने सगळं ऐकून घेतलं. तिची घरची बोली भिली. माझ्याशी ती मोडकीतोडकी अहिराणी बोलते. म्हणाली, “तू कापडमा डोकं घालीसन उभी ऱ्हास. देखस कोन? मी. मन्हं नाव कोठे शे?”

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, “छत्री धरणाऱ्याचं कुणी नाव छापतं का?”

ती उठली. उंबऱ्यातून म्हणाली, “त्यानी तुन्हं नाव खादं. तू मन्हं खादं.” त्यानंतर आली नाही. मी तिला लहरी म्हटलं. सोपं होतं.

तर इन्स्पेक्टर बंगल्यावर गेले आणि मी पाड्यावर गेले, अजून उजेड होता तोवर. ती अंगणात मक्याची कणसं सोलत होती. बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. नोकरी जाईल, हेही सांगितलं. ती सोलत राहिली.

“तुन्हाबगर व्हत नही,” मी म्हटलं. माझी अहिराणी तशी माहेरची, पण शाळेवर लागल्यापासून मी ती तिच्याशीही टाळत होते.

“हाई तुले आज समजनं?”

“आज नही. तवयच समजनं व्हतं. बोलनू नही.”

तिने एक कणीस पूर्ण सोललं. मग विचारलं, “नाव लिखशी?”

“लिखसू.”

“आत्ते लिख. मी देखस.”

मी तिथेच राखेत बोटाने लिहिलं. तिने वाकून पाहिलं. “येवढंसंच?” म्हणाली, आणि मग मला पाणी दिलं.

सकाळी इन्स्पेक्टर आले तेव्हा शाळेच्या कुंपणाशी धोतऱ्याचं एक फूल पुरं उमललेलं होतं. त्यांनी नाक मुरडलं. “हे? हे तर उकिरड्यावरचं.” तुमच्यासारख्यांसाठी फूल म्हणजे गुलाब, आणि त्यांच्यासाठीही तसंच असावं.

धोतरा म्हणजे नुसतं पांढरं, लांब नळकांडं. त्यावर थेट ऊन आलं की सगळ्या चुण्या पुसल्या जातात. फुलीबाईने त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, डोळे बारीक केले आणि छत्री बाजूला ठेवून दिली. डोक्यावरचा गडद निळा पदर सोडला आणि फुलाच्या एका बाजूला तो ताणून धरला. उजेड फुलावर होताच. तिने फक्त एका बाजूचा काढून घेतला. तेवढ्याने पाच चुण्या पाच घड्यांसारख्या उभ्या राहिल्या आणि फुलाच्या तोंडात आत आत जाणारी करडी सावली उतरली. इन्स्पेक्टर काही विचारणार होते. तिने त्यांना हाताने गप्प केलं. डेप्युटी इन्स्पेक्टरांना! वारा पडला. मी टोपी काढली, चार मोजले.

शाळेच्या कोठीची खिडकी घोंगडीने बंद करून काच लगेच धुतली. ओली काच उजेडात धरली तेव्हा इन्स्पेक्टर चष्मा वर सारून वाकले. मग म्हणाले, “ही काच उलटी आहे ना? पांढरं काळं दिसतंय.”

“हो.”

“तरी कळतंय.” घोड्यावर बसताना त्यांनी तुमचा अर्ज खिशातून काढला, त्यावर एक ओळ लिहिली आणि मला दाखवली: ‘चौकशी केली. अर्जात तथ्य नाही.’ मग फुलीबाईकडे वळून त्यांनी विचारलं, “आपलं नाव काय?” तिने माझ्याकडे पाहिलं. तिने स्वतः सांगितलं.

तर माझी नोकरी आहे. तुमचं काय?

धनुबाई

*

तोरणमाळ, ता. २३ ऑक्टोबर १९३८

तुमचं पाकीट जड लागलं तेव्हाच ओळखलं, आत छापील काहीतरी आहे.

हकिगत वाचली. सभागृह भरलं होतं, पुढे टेबलावर शेवंती ठेवली होती, तुम्ही तीन काचा घेतल्यात आणि तिन्ही त्यांच्यासमोर लाल दिव्यात धुतल्यात. पहिलीवर काही नाही, दुसरीवर काही नाही, तिसरीवर तुमच्याच बोटांचे ठसे. एका म्हाताऱ्या सभासदाने विचारलं, ‘पाटील, कळलावीच्या वेळी छत्री कुठे धरली होती?’ मी ते लिहून दिलं होतं, तुम्ही विसरलात. आणि मग तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, “तो फोटो माझा नाही. माझ्या बायकोचा आहे.”

हे वाक्य मी तीनदा वाचलं. बरं वाटलं, लपवत नाही. मला वाटलं, आता ह्या माणसाला मायना घालावा.

मग सोबतचं मासिक उघडलं.

सबंध पानभर फोटो. तुमचा! कोट घालून, मान जरा खाली घालून. आणि मजकूर: ‘मिळालेलं श्रेय भर सभेत पत्नीच्या पदरात टाकणारा असा उमदा, दिलदार कलावंत विरळा. श्री. हिलाल पाटील यांच्या या प्रांजळपणाने सभागृह भारावून गेलं.’ टाळ्या किती वेळ चालल्या, तेही दिलं आहे. पदक तुम्ही परत करू लागलात, तर मंडळाने ते आग्रहाने तुमच्याकडेच ठेवलं, ‘प्रामाणिकपणाबद्दल’. दोन पानांचा लेख. मी त्यात स्वतःला शोधलं. ‘त्यांच्या पत्नी’ चार वेळा. ‘सौ. पाटील’ दोन वेळा. ‘सातपुड्याच्या रानातील एक साधी गृहिणी’ एकदा. धनुबाई कुठेच नाही.

चोरी केलीत तेव्हा मासिकात तुमचंच नाव आलं, आणि चोरी कबूल केलीत तेव्हाही तुमचंच. तुमच्या हाताला काय गुण आहे कळत नाही. कॅमेऱ्यात मात्र तो उतरत नाही.

तुम्हाला खोटं बोलता येईना म्हणून तुम्ही खरं बोललात. त्याला दिलदारी म्हणणाऱ्यांची मला कीव येते. तिसरी काच चुकून जरी बरी आली असती, तरी हे पत्र आलं नसतं.

आता लिहिता, ‘झालं गेलं विसरू. मी तोरणमाळला परत येतो. आपण दोघं मिळून फुलांचं काम करू. पुस्तक काढू.’

येऊ नका. खोली एकच आहे, तिच्यात काचा ठेवल्यात. तुम्ही घाट चढून आलात तर मी तुम्हाला पाणी देईन, जेवायला वाढीन, आणि दुसऱ्या दिवशी नथ्थूबरोबर शहाद्याला लावून देईन. हे रागाने लिहीत नाही. राग होता तेव्हा मी तुमची वाट पाहत होते. तेही आज लिहून टाकते. पहिला पावसाळाभर घाटाच्या तोंडाशी जाऊन उभी राहायचे. लोक विचारायचे, मी सांगायचे, वारा खायला आले. आता तिकडे जाते ती फुलं बघायला, आणि खरंच फुलंच बघते.

मंडळाला मी वेगळं पत्र टाकलं आहे. त्या अकरांतली कळलावीची दुसरी काच आणि धोतऱ्याची काच, दोन्ही खोक्यात भुसा भरून पाठवल्या. काचांच्या कडेला सुईने कोरून नावं घातली: धनुबाई, फुलीबाई; तोरणमाळ. फुलीबाई शेजारी बसली होती. म्हणाली, “मन्हं पहिलं लिख.” मला थोडं लागलं. खोटं कशाला बोलू, बरंच लागलं. पण धोतऱ्यावर तिचं पहिलं लिहिलं, कारण धोतरा तिचा होता.

धनुबाई

*

तोरणमाळ, ता. ५ फेब्रुवारी १९३९

मंडळाचं पत्र आलं. मायन्यात दोन नावं आहेत, दोन्ही बरोबर लिहिलेली. येत्या एकोणीस तारखेला, सकाळी नऊ वाजता, आवारात, उघड्यावर आम्ही फुलाचा फोटो काढून दाखवावा अशी विनंती आहे. ‘श्री. पाटील प्रास्ताविक करतील व आपला परिचय करून देतील’ असंही त्यांनी लिहिलं होतं. मी उलट टपाली कळवलं, परिचय आमचा आम्ही देऊ. फुलीबाईला मराठी कमी येतं, पण तिचं नाव तिला सांगता येतं.

फुलीबाईने घाट उतरून नंदुरबारच्या पलीकडचं काही पाहिलेलं नाही. तिने एकच विचारलं, “पुनाले ऊन येगळं ऱ्हास का?”

“नही. तेच ऊन शे.”

“मंग येस मी.”

फुलं आम्ही इथून आणत नाही. तिथे कुंपणाशी जे काही उगवलं असेल, ते चालेल.

तुम्ही येणार, असं सेक्रेटरींनी कळवलं. या. सभा खुली आहे, मी अडवणारी कोण? मात्र पुढे येऊन बसू नका. सकाळी नऊचं ऊन तिरपं असतं, आणि तुमची सावली मध्ये येईल.

धनुबाई